पैसे मोजले, चिठ्ठ्या कधी मोजणार? मतदान यंत्रांचा खर्च आणि भवितव्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ऐरोलीत राहतो, शाळेत गणित शिकवतो आणि २००९पासून जवळजवळ प्रत्येक निवडणुकीला ड्युटी करतो. आधी मतदान अधिकारी होतो, आता केंद्राध्यक्ष. त्यामुळे सोसायटीच्या गेटपाशी, स्टाफरूममध्ये, ठाणे-वाशी लोकलमध्ये लोक मला ईव्हीएमबद्दल असं विचारतात, जणू ते मीच बनवलंय. १५ जानेवारी २०२६च्या महापालिका निवडणुकीनंतर तर हे रोजचंच झालं. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. प्रश्न ज्या शब्दांत आले, बहुतेक त्याच शब्दांत ठेवलेत.

सर, हे एक यंत्र पडतं केवढ्याला?

यंत्र म्हणजे तीन डबे. मतदारापुढे बटणांचं बॅलेट युनिट, अधिकाऱ्याच्या टेबलावर कंट्रोल युनिट आणि काचेतून चिठ्ठी दाखवणारं व्हीव्हीपॅट. एकत्रित निवडणुका घ्यायच्या तर किती पैसे लागतील, हे भारत निवडणूक आयोगाने २०२३मध्ये कायदा मंत्रालयाला कळवलं. त्यात धरलेले अंदाजे दर असे: बॅलेट युनिट ७,९०० रुपये, कंट्रोल युनिट ९,८०० आणि व्हीव्हीपॅट १६,०००. बेरीज ३३,७०० रुपये. बऱ्यापैकी मोबाइलची किंमत म्हणा.

यातला शेवटचा आकडा लक्षात ठेवा. जवळजवळ निम्मे पैसे एक कागदी चिठ्ठी छापून सात सेकंद दाखवण्याचे आहेत. २०१७मध्ये केंद्राने १६ लाख १५ हजार व्हीव्हीपॅटसाठी ३,१७३ कोटी रुपये मंजूर केले, तेव्हा एकेक साडेएकोणीस हजारांच्या वर पडलं होतं. त्याआधीच्या पिढीचं, म्हणजे एम-टू जातीचं अख्खं यंत्र ८,६७० रुपयांना मिळायचं. त्यात चिठ्ठी नव्हती.

बनवणाऱ्या कंपन्या दोनच, बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन. दोन्ही सरकारी.

म्हणजे हजारो कोटी पाण्यात?

हिशेब करून बघा, मीही फळ्यावर मुलांकडून करून घेतलाय. एका केंद्रावर १,००० मतदार धरले तर ३३,७०० रुपयांचा संच म्हणजे माणशी ३३ रुपये ७० पैसे. यंत्राचं आयुष्य १५ वर्षं. तेवढ्यात तीन लोकसभा आणि तीन विधानसभा झाल्या, तर दर खेपेला माणशी साडेपाच रुपयांच्या आसपास. आपल्याकडे निम्म्याला निम्मे लोक त्या दिवशी लोणावळ्याला जातात, म्हणून प्रत्यक्ष पडलेल्या मतामागे अकरा रुपये धरा. ठाणे स्टेशनबाहेर एवढ्यात एक कटिंग येतो.

राखीव यंत्रं, गोदाम, पोलीस, ट्रक हे यात धरलेलं नाही. तरीही यंत्र महाग आहे, हा आरोप मला पटत नाही. देश अवाढव्य आहे, म्हणून आकडा अवाढव्य दिसतो.

हे पैसे नेमके कोणाच्या खिशातून जातात?

लोकसभेचा खर्च केंद्राचा, विधानसभेचा राज्याचा. दोन्ही एकत्र आल्या तर निम्मा-निम्मा. यंत्रखरेदी केंद्राच्या अर्थसंकल्पातून होते. २०२३-२४ला त्यासाठी सुमारे १,९०० कोटींची तरतूद होती. महापालिकेच्या निवडणुकीचा भार महापालिकेच्या तिजोरीवर, म्हणजे तुम्ही-मी भरतो त्या मालमत्ता करावर. तुमच्या घराची पावती काढा, तीच ती.

एकदा घेतलं की खर्च संपला ना?

छे! खरेदी म्हणजे लग्नाचा खर्च. संसार पुढेच असतो.

प्रत्येक निवडणुकीआधी कंपनीचे इंजिनीअर येतात आणि पक्षांच्या प्रतिनिधींसमोर एकेक यंत्र तपासतात. याला प्रथमस्तरीय तपासणी म्हणतात. मग संगणकावर दोनदा सरमिसळ होते, म्हणजे कुठलं यंत्र कुठल्या केंद्रावर जाणार हे आधी कोणालाच कळू नये. बॅटऱ्या नव्या. स्ट्राँगरूमला कुलपं, कॅमेरे, चोवीस तास पहारा. निकालानंतरही यंत्रं लगेच मोकळी होत नाहीत, कारण निवडणूक याचिकेची ४५ दिवसांची मुदत असते, आणि याचिका आलीच तर ती यंत्रं आणखी अडकतात. म्हणून लागतात त्याच्यापेक्षा जास्त यंत्रं ठेवावी लागतात.

त्यात आता एक नवी भर. पूर्वी एका केंद्रावर १,५०० मतदारांपर्यंत चालायचं. २०२५मध्ये आयोगाने ती मर्यादा १,२००वर आणली. मतदाराच्या दृष्टीने उत्तमच, रांग कमी. पण रांग कमी म्हणजे केंद्रं जास्त, केंद्रं जास्त म्हणजे यंत्रं जास्त, खोल्या जास्त आणि माझ्यासारखे मास्तरही जास्त. २०२४च्या विधानसभेला महाराष्ट्रात १,००,१८६ केंद्रं होती. हा आकडा पुढच्या वेळी कुठे जातो ते बघा.

साहित्यवाटपाचा दिवस कोणी बघितलाय का? मैदानावर मांडव, टेबलांच्या रांगा, माइकवर केंद्रांचे नंबर. तुम्ही पोत्यावर बसून पेटीवरचा क्रमांक यादीशी ताडून बघता. एक आकडा चुकला की परत रांगेत. मग पेट्या मांडीवर घेऊन बसमधून केंद्रावर. माझ्या एका सहकारी बाईंनी एकदा व्हीव्हीपॅटची पेटी उन्हात नको म्हणून स्वतःची ओढणी तिच्यावर टाकली होती. ही जपणूक कुठल्याच हिशेबात येत नाही.

पंधरा वर्षांनी काय, भंगारवाल्याला?

नाही. यंत्रं कंपनीच्याच देखरेखीखाली नष्ट केली जातात, चिपसकट चुरा होतो. बाहेर विकत नाहीत, आणि विकूही नयेत.

ओटीपी टाकला की ईव्हीएम उघडतं म्हणे?

नाही उघडत. २०२४ला मुंबई उत्तर-पश्चिमचा निकाल ४८ मतांनी लागला आणि मतमोजणी केंद्रातल्या एका मोबाइलवरून ही वावडी उठली. तो मोबाइल आकडे भरायच्या संगणक प्रणालीत लॉगिन करण्यासाठी होता. मतदान यंत्राला ना इंटरनेट, ना ब्लूटूथ, ना सिम. हा प्रश्न मला आजवर सर्वांत जास्त वेळा आला आणि त्याचं उत्तर सर्वांत छोटं आहे.

दिवसभर मतदान होऊनही यंत्राची बॅटरी ९९ टक्के कशी राहते, हा त्याचा धाकटा भाऊ. ऑक्टोबर २०२४मध्ये हरियाणाच्या निकालानंतर तो जन्मला. आयोगाचं उत्तर असं की व्होल्टेज ठरावीक पातळीच्या वर असेपर्यंत पडदा ९९च दाखवतो. खाली आलं की मग खरा टक्का दिसू लागतो. मोबाइलच्या बॅटरीशी तुलना करून चालत नाही.

म्हणजे हॅक होऊच शकत नाही?

असं मी म्हटलं नाही. २०१०मध्ये संशोधकांनी एक जुनं यंत्र उघडून, आतला भाग बदलून निकाल कसा फिरवता येतो ते दाखवलं होतं. ते यंत्र मुंबईतल्याच सरकारी गोदामातून बाहेर गेलं होतं, आणि त्या प्रकरणी त्यांच्यातल्या एकाला अटकही झाली. त्यावरून मी एवढंच शिकलो की यंत्र हातात पडलं तर बरंच काही करता येतं. म्हणजे आपण विश्वास यंत्रावर टाकत नाही. तो टाकतो कुलपावर, लाखेवर, हिरव्या कागदी सीलवर, केंद्रावर पडलेल्या मतांचा हिशेब लिहायच्या सतरा-सी नमुन्यावर आणि त्यावरच्या एजंटांच्या सह्यांवर. संध्याकाळी सहानंतर, सगळ्यांना घरी जायची घाई असताना, त्या सह्या कशा होतात हे मी बघतो. बऱ्याच पक्षांचे एजंट तोवर गेलेले असतात. सतरा-सीची प्रत घ्या म्हणून मागे धावावं लागतं. निकालानंतर टीव्हीवर ओरडण्यापेक्षा तो एक कागद घेऊन जाणं जास्त उपयोगाचं आहे, हे माझं सर्व पक्षांना प्रेमाचं सांगणं.

व्हीव्हीपॅट आल्यापासून एक गोष्ट बदलली, तीही सांगायला हवी. पूर्वी यंत्राला उमेदवार कोण हे माहीतच नसायचं. त्याला फक्त बटणांचे क्रमांक कळत. आता चिठ्ठीवर चिन्ह छापायचं म्हणून उमेदवार ठरल्यानंतर चिन्हं बाहेरून भरावी लागतात. शंकेखोरांचा हा मुद्दा पोरकट नाही.

मग त्या चिठ्ठ्या मोजतात तरी किती?

विधानसभा मतदारसंघामागे पाच केंद्रांच्या. आधी एकाच केंद्राच्या मोजायचे. एप्रिल २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच केल्या. महाराष्ट्राच्या २८८ मतदारसंघांत मिळून १,४४० केंद्रं, लाखभर केंद्रांपैकी. दीड टक्काही नाही. २०२४च्या विधानसभेला त्या १,४४० ठिकाणी एकाही मताची तफावत आढळली नाही, असं आयोगाने जाहीर केलं.

ठाणे जिल्ह्यात १८ मतदारसंघ, म्हणजे ९० केंद्रं. त्यातलाच आमचा शेजारी बेलापूर. तिथे २०२४ला निकाल लागला ३७७ मतांनी. मी काही सुचवत नाहीये. निकाल बरोबर नाही असं म्हणायला माझ्याकडे तसूभरही कारण नाही. पण सानपाड्याहून नेरूळला जाताना डब्यात मावतील त्याच्याही निम्म्याने माणसं निकाल फिरवू शकतात, तिथे पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या बघायच्या आणि बाकीच्या पेटीत बंद ठेवायच्या, हे मला गणिताचा शिक्षक म्हणून खटकतं. दीड लाख मतांनी लागलेल्या जागेलाही पाच आणि ३७७ने लागलेल्या जागेलाही पाच. नमुना निवडायची ही कुठली रीत? फरक जितका कमी, तितकी तपासणी जास्त, हे आठवीतल्या मुलालाही पटतं.

१६ हजारांचं यंत्र घेतलं, कागद घातला, चिठ्ठी छापली. पैसे मोजले. चिठ्ठ्या मात्र मोजायच्या नाहीत. या सगळ्या वादात माझी तक्रार एवढीच आहे.

सगळ्या मोजायच्या तर आठवडा लागेल म्हणतात?

२०१९मध्ये आयोगाने न्यायालयात सांगितलं होतं की निम्म्या जरी मोजल्या तरी निकाल पाच-सहा दिवस लांबेल. तो हिशेब आजच्या पद्धतीचा आहे. सभागृहात जाळीची एकच खोली, बँकेच्या कॅशियरसारखी, आणि तीत एकामागून एक पेटी.

आता माझ्या खोलीतलं सांगतो. मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी अभिरूप मतदान, म्हणजे यंत्राची चाचणी असते. पहाटे साडेपाच, एक ट्यूबलाइट लुकलुकतेय, चौथीच्या मुलांची बुटकी बाकं, तीन एजंट, एकाचा स्वेटर उलटा. किमान ५० मतं टाकायची. मग कंट्रोल युनिटवरची क्लोज, रिझल्ट ही बटणं, आणि व्हीव्हीपॅटचा कप्पा उघडून चिठ्ठ्या बाकावर पालथ्या करायच्या. एजंटांनी चिन्हांप्रमाणे ढीग लावले, पत्ते मांडावेत तसे. बेरीज आली ४९. कंट्रोल युनिट म्हणतं ५०. खोलीत एकदम शांतता. मग स्वेटरवाल्याने कप्प्यात हात घालून कोपऱ्यात चिकटलेली एक चिठ्ठी काढली. सगळे हसले, मीसुद्धा, पण हात जरा थरथरत होते. चिठ्ठ्या काळ्या पाकिटात, सील, क्लिअर. सगळं धरून नऊ मिनिटं.

त्या वेगाने एका केंद्राच्या ७०० चिठ्ठ्यांना दोन तास लागतात. मोजणीच्या सभागृहात सहसा १४ टेबलं असतात. मतदारसंघात ४०० केंद्रं धरली तर २९ फेऱ्या, म्हणजे ५८ तास. पाळ्या लावल्या तर अडीच दिवस. फार झाले?

नवी मुंबई महापालिकेची मुदत मे २०२०मध्ये संपली आणि निवडणूक झाली जानेवारी २०२६मध्ये. ठाण्याची मार्च २०२२मध्ये संपली. साडेपाच वर्षं आम्ही नगरसेवकाशिवाय काढली, तेव्हा कोणाला घाई नव्हती. मोजणीचे अडीच दिवस मात्र जड जातात.

सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४च्या निकालात सगळ्या चिठ्ठ्या मोजण्याची मागणी आणि मतपत्रिकेकडे परतण्याची मागणी, दोन्ही फेटाळल्या. पण त्याच निकालात एक सूचनाही आहे: चिठ्ठ्या मोजायला यंत्र वापरता येईल का आणि चिन्हासोबत पक्षाचा बारकोड छापता येईल का, हे आयोगाने पाहावं. नोटा मोजायचं यंत्र आमच्या कोपऱ्यावरच्या पतसंस्थेतही आहे.

हरलेल्या उमेदवाराला यंत्र तपासून घेता येतं का?

येतं. सर्वोच्च न्यायालयाच्या त्याच निकालाने दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला ही वाट दिली. निकालानंतर सात दिवसांत लेखी अर्ज करायचा आणि विधानसभा क्षेत्रातल्या ५ टक्क्यांपर्यंत यंत्रांची मेमरी कंपनीच्या इंजिनीअरांकडून तपासून घ्यायची. खर्च अर्जदाराचा, छेडछाड निघाली तर परत. आयोगाने २०२४मध्ये दर ठेवला एका संचाला ४० हजार आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४७,२०० रुपये. नव्या संचापेक्षाही जास्त! ४०० केंद्रांच्या मतदारसंघात २० यंत्रं तपासायची तर त्या दराने ९ लाख ४४ हजार. विधानसभेला उमेदवाराची सगळी खर्चमर्यादाच ४० लाख आहे.

आता गंमत बघा. मतदान केंद्रावर एखाद्याच्या ओळखीवर एजंटला आक्षेप घ्यायचा असेल तर मी त्याच्याकडून किती घेतो? दोन रुपये. माणसावर शंका घ्यायला दोन रुपये आणि यंत्रावर घ्यायला, २०२४च्या दराने, सत्तेचाळीस हजार दोनशे.

महापालिकेला मत दिलं तेव्हा चिठ्ठी का दिसली नाही?

कारण व्हीव्हीपॅट नव्हतंच.

लोकसभा-विधानसभा भारत निवडणूक आयोग घेतो. महापालिका, जिल्हा परिषदा राज्य निवडणूक आयोग. दोन वेगळी घरं, दोन वेगळ्या चुली आणि यंत्रंही वेगळी. नवी मुंबईत १११ जागा आणि २८ प्रभाग, ठाण्यात १३१ जागा आणि ३३ प्रभाग. दोन्हीकडे एक प्रभाग तिघांचा, बाकी सगळे चौघांचे. म्हणजे एका मतदाराने चार बटणं दाबायची. अशा बहुसदस्यीय मतदानाला जोडता येईल असं व्हीव्हीपॅट उपलब्ध नाही, ही राज्य आयोगाची बाजू. यंत्रांचीही टंचाई होती. सप्टेंबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयात मुदतवाढ मागताना आयोगाने सांगितलं की ६५ हजार यंत्रं हाताशी आहेत, आणखी ५० हजारांच्या आसपास लागतील.

पण मुंबईत तर एका प्रभागाला एकच नगरसेवक, असे २२७ प्रभाग. तिथेही चिठ्ठी नव्हती. त्यामुळे चार बटणांची सबब मला अर्धीच पटते.

त्या दिवशी कोपरखैरण्यातल्या एका शाळेत माझी ड्युटी होती. साडेदहाच्या सुमारास एक आजी आल्या, नऊवारी, हातात पिशवी. आत गेल्या, एक बटण दाबलं, निघाल्या. शेवटचा लांब आवाज आला नाही.

‘आजी, अजून तीन राहिली.’

‘अरे, एकालाच द्यायचंय मला.’

‘चारही द्यायला लागतात आजी. कोणीच नको असेल तर शेवटचं, नोटाचं.’

परत गेल्या. दोन बटणं, मग बराच वेळ काही नाही, मग तो आवाज. बाहेर आल्यावर टेबलाशी थांबून विचारलं, ‘आणि ती काचेतली चिठ्ठी रे? मागल्या टायमाला दिसली होती.’ रांग तटली होती. मी म्हटलं, यावेळी नाहीये आजी. ‘का बरं? तेव्हा दिल्लीचं होतं म्हणून, आणि हे गल्लीचं म्हणून?’ मला उत्तर सुचलं नाही. शाई लावणारी बाई खाली मान घालून हसत होती.

कागदी मतपत्रिकाच स्वस्त नाही का?

दिसते तेवढी नाही. यंत्र एकदा घेतलं की पंधरा वर्षं. मतपत्रिका प्रत्येक वेळी, प्रत्येक मतदारसंघाला नव्याने छापायच्या, पहाऱ्यात ठेवायच्या, मोजायला माणसं लावायची. बाद मतं वेगळीच. आणि केंद्र ताब्यात घेऊन शिक्के मारायचे दिवस आपल्या वडीलधाऱ्यांना आठवतात. यंत्र मिनिटाला चारपेक्षा जास्त मतं घेतच नाही, त्यामुळे धटिंगणालाही रांगेतच उभं राहावं लागतं.

तरी कागद गेलेला नाही. विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघात पसंतीक्रम लिहायचा असतो, तो या यंत्राला झेपत नाही. जानेवारी २०२३मध्ये कोकण शिक्षक मतदारसंघात मी कागदावर, आयोगाने दिलेल्या जांभळ्या पेनने आकडे लिहून मत दिलं. मोजणी झाली इथेच, नेरूळच्या आगरी कोळी भवनात. शिक्षकांच्याही मतपत्रिका बाद होतात, हे जाता जाता.

परदेशात बंद केली, मग आपण का धरून बसलोय?

सगळीकडे बंद नाही. ब्राझील १९९६पासून यंत्रांवर मतदान घेतंय. पण बंद करणाऱ्यांच्या कहाण्या खर्चाच्या दृष्टीने वाचण्यासारख्या आहेत.

आयर्लंडने सुमारे साडेसात हजार यंत्रं घेतली. २००२मध्ये काही मतदारसंघांत चाचणी झाली, मग शंका निघाल्या आणि देशभर ती कधी वापरलीच नाहीत. गोदामांची भाडी मात्र वर्षानुवर्षं भरली. एकूण खर्च साडेपाच कोटी युरोंच्या घरात. २०१२मध्ये सगळी भंगारात गेली ७०,२६७ युरोंना. यंत्रामागे नऊ युरो.

जर्मनीत मार्च २००९मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने ठरवलं की मतदान आणि मोजणीचे महत्त्वाचे टप्पे साध्या नागरिकाला, तांत्रिक ज्ञान नसताना, पडताळता आले पाहिजेत. २००५च्या निवडणुकीतल्या यंत्रांत ते शक्य नव्हतं, म्हणून त्यांचा वापर घटनाबाह्य ठरला. हॅक झालं का, हा प्रश्न तिथे निकालाच्या केंद्रस्थानी नव्हताच.

बांगलादेशाची गोष्ट मला जास्त जवळची वाटते, कारण ती गोदामात घडते. २०१८मध्ये त्यांनी ३,८२५ कोटी टाकांचा प्रकल्प करून दीड लाख यंत्रं घेतली. एकेक आपल्यापेक्षा कितीतरी महाग. ठेवायला धड जागा नव्हती. पाच वर्षांत लाखभर दुरुस्तीला आली, दुरुस्तीला १,२६० कोटी टाका लागणार होते, सरकारने हात वर केले. जानेवारी २०२४ची संसदीय निवडणूक कागदावर झाली. तिथे यंत्र कोणत्या आरोपाने नाही, पैशाने संपलं.

महाराष्ट्राने ठरवलं तर मतपत्रिका आणता येतील?

लोकसभा-विधानसभेला नाही. यंत्राचा वापर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ६१-अ कलमात आहे आणि तो संसदेचा कायदा. ते कलमही ठेच लागल्यावर आलं. मे १९८२मध्ये केरळच्या परवूर मतदारसंघात ५० केंद्रांवर पहिल्यांदा यंत्र वापरलं, १९८४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्यात आधार नाही म्हणून तिथे फेरमतदान लावलं, आणि १९८८मध्ये दुरुस्ती झाली. ठाणे महापालिकाही १९८२चीच. दोघांचीही तब्येत सारखीच चर्चेत असते.

फेब्रुवारी २०२१मध्ये तेव्हाचे विधानसभा अध्यक्ष नाना पटोले यांनी मतपत्रिकेचा पर्याय देणारा कायदा तयार करायला सांगितलं होतं. पुढे काही झालं नाही. डिसेंबर २०२४मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीने स्वतःच मतपत्रिका छापून फेरमतदान करायचं ठरवलं, पोलिसांनी थांबवलं. स्थानिक निवडणुकांचं वेगळं आहे, तो राज्याच्या कायद्याचा प्रांत. कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५मध्ये तशी शिफारस केलीसुद्धा. माझं मत विचाराल तर मतपत्रिका परत आणण्यापेक्षा महापालिकेच्या यंत्राला चिठ्ठी जोडा.

एक देश, एक निवडणूक आली तर?

तर प्रत्येक केंद्रावर दोन संच, एक लोकसभेचा, एक विधानसभेचा. आयोगाचा अंदाज दर १५ वर्षांनी १०,००० कोटींचा. घटनादुरुस्ती विधेयक १७ डिसेंबर २०२४ला लोकसभेत मांडलं गेलं. ते मंजूर झालं तरी पहिली एकत्र निवडणूक २०३४च्या आधी धरता येत नाही. आता पंचांग जुळवा. २०१९च्या लोकसभेसाठी २०१७-१८मध्ये घेतलेला मोठा साठा २०३२-३३ला पंधरा वर्षांचा होतो. म्हणजे जुनी यंत्रं निवृत्त आणि नवी दुप्पट, हे दोन्ही खर्च एकाच सुमाराला दारात येणार. बारकोड, मोजणी यंत्र, बहुसदस्यीय व्हीव्हीपॅट, जे काही नव्या पिढीत घालायचं ते तेव्हाच घालता येईल. ऑर्डर गेल्यावर पुन्हा पंधरा वर्षं गप्प बसावं लागेल.

नाव गावच्या यादीत आहे आणि राहतो घणसोलीत. इथून मत देता येईल?

सध्या नाही. माथाडी बांधव हा प्रश्न नेहमी विचारतात. मतदानाला पाटणला, जावळीला गाड्या करून जातात. एका यंत्रातून ७२ मतदारसंघांचं मतदान होऊ शकेल असं दूरस्थ यंत्र आयोगाने जानेवारी २०२३मध्ये पक्षांसमोर आणलं होतं. विरोध झाला, बासनात गेलं. गावाकडचं नाव काढून इथे लावणं हा सरळ मार्ग आहे, पण गावच्या सरपंचाला तो आवडत नाही.

काचेत चुकीचं चिन्ह दिसलं तर काय करायचं?

बाहेर जायचं नाही. तिथेच केंद्राध्यक्षाला सांगायचं. तो तुमच्याकडून लेखी प्रतिज्ञापन घेईल, एजंटांसमोर तुम्हाला चाचणी मत टाकायला लावेल आणि सगळे मिळून चिठ्ठी बघतील. खरंच चुकीची निघाली तर त्या यंत्रावरचं मतदान थांबतं. खोटी तक्रार निघाली तर शिक्षा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि हे सही करण्याआधी मला वाचून दाखवावं लागतं.

इतक्या वर्षांत माझ्यापुढे असा एकच जण आला, तिशीचा मुलगा. मी कागद पुढे केला, वाचून दाखवला. त्याने पेन उचललं, खाली ठेवलं, म्हणाला, ‘सर, सात सेकंदांत मी नक्की काय बघितलं तेच आता आठवत नाहीये.’ आणि गेला. मी तो कोरा कागद पुन्हा फाइलीत ठेवला.